वैल गेला, मग जेवण गरम कसं राहणार?

पुण्याच्या एक ताई नवऱ्याच्या बदलीमुळे जूनपासून दापोलीत राहायला आल्या आहेत. त्यांनी विचारलंय ते थोडक्यात असं: "डिसेंबर लागला तसं रात्रीचं जेवण कुणाला गोड लागेना. मी सहाला घरी येते, नवरा आठला. पोळ्या चिवट होतात, भाजी ताटात पडेपर्यंत गार. टोमॅटोचं सूप, बाजरीची भाकरी, भरपूर तुपातली खिचडी, सगळं करून झालं. सासूबाईंना (वय ७४) ते जड जातं आणि मुलांना दहा वाजता पुन्हा भूक लागते. कोकणातल्या घरांत थंडीत रात्री पोटभरीचं काय करतात?"

ताई, माझं माहेर कुडाळकडचं आणि सासर तुमच्याच तालुक्यातलं. गेली २२ वर्षं मी घरगुती खाणावळ चालवते. एरवी रात्री पंधरा-वीस पानं असतात. नाताळच्या आसपास पाहुणे धरून चाळीसच्या वर जातात. म्हणजे गार झालेल्या जेवणाच्या तक्रारी मी तुमच्या कितीतरी पट ऐकल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या होत्या.

तुम्ही पदार्थ विचारलेत. पण पत्र वाचून मला वाटतं, तुमची अडचण पदार्थांच्या आधी सुरू होते. सातला केलेलं जेवण सव्वाआठला कसं वाढायचं, हा तुमचा खरा प्रश्न. आमच्या सासूबाईंच्या वेळी तो नव्हता, कारण चुलीला वैल होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: मुख्य चुलीच्या बाजूला दुसरं तोंड असतं, त्याला वैल म्हणतात. चुलीतली उरलीसुरली धग तिथे जाते. चुलीवर भाकऱ्या चालू असायच्या तेव्हा आमटीचं भांडं वैलावर सरकवलेलं असायचं. शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत ते हळूहळू रटरटत राहायचं. गॅस आला, वैल गेला. जेवण मात्र आपण अजून वैल असल्यासारखंच करतो: आधी सगळं शिजवून झाकून ठेवायचं आणि मग माणसांची वाट बघायची.

आता आपल्या थंडीचं. दापोली समुद्रापासून जवळ असली तरी उंचावर आहे. इंग्रजांनी इथे लष्कराचा तळ केला तो काही उगाच नाही. जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. इथे पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि त्याच दुपारी अंगातला शर्ट घामाने चिकटतो. हर्णैला किंवा खाली बंदरपट्टीला एवढा गारठा नसतो. म्हणून पंजाब-दिल्लीकडचं थंडीचं जेवण इथे आणून चालत नाही. दुपारी उकडतंय, रात्री गारठतंय, अशा हवेत तुपात पोहणारी खिचडी पोटात दगडासारखी बसते. सासूबाईंची तक्रार मला अगदी पटली.

पुढे जे सांगते त्यात तुमच्या घराप्रमाणे फरक पडेल. तुम्ही मासे खाता का, ते लिहिलेलं नाहीत. सासूबाईंना रक्तदाब आहे का, माहीत नाही. असेल तर सुकी मासळी, लोणचं, पापड यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण सुक्या मासळीत मीठ भरपूर असतं. डाळी-कडधान्यं कुणाला किती पचतात, तेही घरागणिक वेगळं. मी माझ्या पानांवरून बोलतेय.

माझी आई म्हणायची, "भातावर कायतरी पातळ व्हया, नायतर तो भात कसलो!" थंडीतल्या रात्रीच्या जेवणाचं माझं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. कोरडी भाजी आणि पोळी यांच्यात ऊब धरून ठेवणारं फारसं काही नसतं. ताटात पसरली की दोन मिनिटांत गार. पातळ पदार्थात पाणी भरपूर, आणि पाणी लवकर निवत नाही. त्यात पीठ किंवा घोटलेली डाळ असेल तर आणखी उशिरा निवतं. पिठल्याने तोंड पोळतं आणि वरणाच्या पाण्याने पोळत नाही, ते त्यामुळेच. शिवाय पातळ पदार्थ पुन्हा गरम करता येतो. पोळी पुन्हा गरम केली की वातड, भाजी पुन्हा परतली की करपट.

तर पहिला पदार्थ कुळथाची पिठी. दापोलीत राहून तुम्ही ती अजून केली नसेल तर आधी हेच करा. भात कापणी झाली की आपल्याकडे त्याच शेतात उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, पावटा, चवळी पेरतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. ही कोकणातली थंडीची पिकं, आणि ताटातही ती थंडीतच शोभतात. तुमच्या गावातल्या कृषी विद्यापीठाने 'दापोली कुळीथ १' नावाचा वाणच काढलेला आहे. पीठ मात्र दुकानातलं पाकीट बघून घेऊ नका. बचत गटाच्या बायकांकडून किंवा आठवडी बाजारातून घ्या. कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून मग दळलेलं पीठ फिकट तपकिरी आणि खमंग वासाचं असतं. सालासकट दळलेलं काळपट दिसतं आणि जिभेला खरखरतं.

पाच माणसांना अर्धी वाटी पीठ, साडेपाच ते सहा वाट्या पाणी. पीठ आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्या. गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलंत की गुठळ्या झाल्याच, मग कितीही घोटा. तीन चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि बारीक चिरलेला कांदा. लसूण लाल होऊ द्या, काळी नको. हळद, थोडं तिखट, मग उरलेलं पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. मीठ, चार आमसुलं, आणि मंद गॅसवर सात-आठ मिनिटं. सुरुवातीला फारच पातळ वाटेल. घाबरून पीठ वाढवू नका, ती ताटात येईपर्यंत दाटते. भातावर ओतल्यावर कडेला ओहोळ गेला पाहिजे. वरून ओलं खोबरं आमच्याकडे घालतात, सासरी घालत नाहीत, यावरून घरात दर वर्षी एकदा वाद होतो.

या पिठीचा तुमच्यासाठी मोठा फायदा म्हणजे वेळ. कांदा-लसूण चिरून ठेवला असेल तर नवरा चपला काढतोय तेव्हा फोडणी टाकली तरी हातपाय धुऊन तो पाटावर बसेपर्यंत पिठी तयार. आधी करून ठेवायचीच नाही. बरोबर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर पोह्याचा पापड आणि कच्चा कांदा. एवढंच जेवण, आणि माझ्याकडचे बँकेतले साहेब याच्यावर तीन वेळा भात घेतात.

भाताबद्दल दोन गोष्टी. दिवाळीनंतर बाजारात नवा तांदूळ येतो. तो चिकट असतो, पाणी कमी लागतं, आणि मोकळ्या भाताला तो मुळीच चांगला नाही. पण थंडीत रात्री मोकळा भात हवाच कशाला? नव्या तांदळाचा गुरगुट्या भात करा. एक वाटी तांदूळ, साडेचार वाट्या पाणी, मीठ, कुकरला चार शिट्ट्या आणि कुकर उघडायचा नाही. अर्धा-पाऊण तास बंद कुकरमध्ये तो चटका बसेल इतका गरम राहतो. हाच तुमचा पहिला वैल. उघडल्यावर डावाने घोटायचा, वर मेतकूट आणि चमचाभर पातळ केलेलं तूप. तूप डब्यातलं थिजलेलं घालू नका, ते भातालाच गार करतं. सासूबाईंना आठवड्यातून दोन रात्री नुसतं हे आणि लिंबाचं मुरलेलं लोणचं दिलंत तर त्यांची तक्रार राहणार नाही, असं मला माझ्या आजेसासूबाईंवरून वाटतं. त्या ९१ वर्षांच्या होऊन गेल्या आणि रात्रीचं दुसरं काही मागत नसत.

पोळी रात्री बंद करा, असं मी स्पष्टच सांगते. तांदळाची भाकरीही तव्यावरून थेट ताटात पडणार असेल तरच करा. तांदूळ गारठ्यात फार लवकर कडकतो. दुपारी मऊ असलेली भाकरी थंडीत रात्री वाळलेल्या पानासारखी मोडते. नाचणीची भाकरी थोडी सोशिक. पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळलंत तर तासभर तरी लवचीक राहते. बाजरी वाईट नाही, पण ती देशावरची. तिच्याबरोबर तीळ, लोणी, भरीत सगळा सरंजाम लागतो, आणि पीठ जुनं झालं की कडू होतं. इथे वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या, जमिनीत नाचणी पिकते, तीच ताजी मिळेल.

पोळीला माझा पर्याय घावन. तांदूळ चार-पाच तास भिजवून गंधासारखं बारीक वाटायचं, नाहीतर सरळ तांदळाच्या पिठीचं, ताकासारखं पातळ. तवा बिडाचा आणि चांगला तापलेला. पीठ पळीने कडेकडून ओतत आत यायचं. जाळी पडली पाहिजे. झाकण, मिनिटभर, उतरवा. एकेक करून थेट ताटात. मुलांना हे फार आवडतं, कारण त्यांना तव्याशेजारी उभं राहून खाता येतं. दापोलीच्या थंडीत स्वयंपाकघर हीच घरातली सगळ्यात उबदार खोली असते. जेवायला तिथेच बसा. दिवाणखान्यात ताटं नेण्यातही ऊब जातेच.

घावनाचं सांगते त्याला कारण आहे. आंबोळी त्याहून चांगली, पण थंडीत ती दगा देते. खाणावळीच्या दुसऱ्याच वर्षी मुंबईचे आठ पाहुणे होते आणि मी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर आंबोळ्या कबूल केल्या होत्या. पीठ सकाळी वाटून ठेवलं होतं, संध्याकाळी बघते तर ते वाटलं होतं तसंच, एक बुडबुडा नाही. आंबोळ्या घातल्या त्या चामड्यासारख्या झाल्या. शेवटी त्याच पिठात पाणी आणि तांदळाची पिठी घालून घावन काढले. पाहुण्यांना कळलं नाही, मला मात्र रात्रभर झोप नाही. तेव्हापासून थंडीत आंबोळीचं पीठ कोमट पाण्याने वाटते, मीठ आंबल्यावर घालते, आणि भांडं गरम पाण्याने विसळलेल्या कॅसरोलमध्ये ठेवते. उन्हाळ्यात आठ तासांत जे होतं त्याला जानेवारीत चौदा-सोळा लागतात. म्हणजे रात्रीच्या आंबोळीचं पीठ आदल्या रात्री वाटायचं. तुम्हाला नोकरी आहे. रविवारी करा, एरवी घावन.

आता वाल. रायगडापासून खाली आपल्यापर्यंत थंडीचं पोटभरीचं जेवण म्हणजे वालाचं बिरडं. डाळिंब्या, म्हणजे मोड आलेले वाल, सोलायचा कंटाळा सगळ्यांना असतो, तो मलाही आहे, पण त्याला पर्याय नाही. कडवे वाल रात्री कोमट पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी फडक्यात घट्ट बांधून मोड आणा. थंडीत एका रात्रीत मोड येत नाहीत. पुरचुंडी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा, दीड दिवस द्या. मोड आले की वाल कोमट पाण्यात टाकायचे, सालं सैल होतात आणि बोटाने दाबलं की डाळिंबी सुटते. हे काम मुलांना द्या. माझ्या मुलाने पहिली कमाई डाळिंब्यांवर केली, वाटीला एक रुपया.

फोडणीत हिंग सढळ, आणि ओवा चिमूटभर, कारण वाल वातूळ. हळद, तिखट, डाळिंब्या, आणि वरून गरमच पाणी. गार पाणी घातलं की दाणा ताठरतो. झाकणावर पाणी ठेवून मंद शिजवा, डाव कमी फिरवा. डाळिंबी बोटात दबली की मगच आमसूल आणि गूळ. हा क्रम चुकवू नका. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजायचं थांबतं, मग तासभर गॅस जाळा नाहीतर दोन. कुळीथ, काळे वाटाणे, सगळ्यांना हाच नियम. शेवटी ओलं खोबरं, जिरं, कोथिंबीर, हिरवी मिरची यांचं वाटण आणि एक उकळी. रस ठेवा, सुकं करू नका.

सोललेल्या डाळिंब्या उरल्या तर दुसऱ्या रात्री डाळिंबी-भात. मासे खात असाल तर त्याच धर्तीवर सोड्याची खिचडी. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. महाग पडतात, पण पाच माणसांना मूठभर पुरतात. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचे, ते पाणी फेकायचं, दोनदा चोळून धुवायचे. तेलात लसूण, कांदा, टोमॅटो, मसाला, सोडे, तांदूळ, आणि थोडं नारळाचं दूध. एका भांड्यात सगळं जेवण. थंडीतल्या रात्रीसाठी मला एकच पदार्थ निवडायला सांगितला तर मी पिठीचं नाव घेईन, पण मनात सोड्याची खिचडी असेल.

ताजे मासे असतील तर थंडीत बांगडा भरलेला असतो, आणि त्याला तिरफळासारखा (कोकणातला उग्र वासाचा मसाला) सोबती नाही. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, हळद, धणे एवढंच वाटण, आमसूल किंवा चिंच, आणि अर्धा किलो बांगड्याला सहा-सात तिरफळं ठेचून, आतलं काळं बी काढून. तिरफळ वाटणात वाटायचं नाही, कडवट होतं. बांगड्याच्या या पातळाला तिखलं म्हणतात; त्याला फोडणी नाही, लसूण नाही. गॅस बंद करताना वरून चमचाभर कच्चं खोबरेल. हे सकाळी करून ठेवलंत तरी चालतं, रात्री मुरून जास्त चांगलं लागतं. फक्त गरम करताना डाव घालू नका, भांडंच कापडात धरून हलवा, नाहीतर माशाचा चुरा होईल.

सोलकढी रात्री नको. ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या हिवाळ्यात मी रोज रात्री सोलकढी ठेवायची, कारण पाहुणे ती मागतात. जानेवारीत लोक म्हणायला लागले, कढीने घशाला काहीतरी चिकटतं. मला वाटलं नारळ खराब निघाला. मग एका रात्री पेल्याच्या कडेला पांढरा पापुद्रा दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. बाटली थंडीत घट्ट होते ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. तेच नारळाच्या दुधातलं तेल गार पेल्यात करतं. आणि सोलकढी उकळून गरम करायला गेलं तर फुटते. तेव्हापासून थंडीत रात्री मी आमसुलाचं सार देते. दहा-बारा आमसुलं गरम पाण्यात भिजवून कोळायची, गूळ, मीठ, वरून तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, एक उकळी. उसळीबरोबर तिवळही (आमसुलाचं बिननारळाचं पाणी) चालतं, तेही कोमट करून. जेवणाच्या शेवटी पेलाभर गरम सार प्यायलं की अंगात ऊब जाते, आणि पोट जड होत नाही.

टोमॅटोच्या सुपाचं मात्र मला आश्चर्य वाटत नाही. मुलांचं पोट आधी सुपाने भरतं, मग ती भात-पोळी अर्धी टाकतात, आणि त्या सुपात धान्याचा कणही नसतो. दहाला भूक लागणारच. पातळ आधी वेगळं देऊ नका, भातावरच द्या.

कंदांचा उल्लेख राहिला. मार्गशीर्षात बाजारात कोनफळ, कणगरं, करांदे, सुरण येतात. कणगरं मीठ घालून उकडा आणि मुलं सहाला घरात शिरतात तेव्हा द्या. करांदे कडू लागतात, सवयीने आवडतात. सुरणाला आमसूल घाला नाहीतर घसा खाजेल.

पोपटीबद्दल कुणीतरी नक्की लिहील, म्हणून मीच लिहिते. रायगडात, अलिबाग-पेण-रोह्याकडे, वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरून, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. अर्धा-पाऊण तासात शिजतं. शेकोटीचं जेवण आहे ते, दहा माणसं हवीत. गॅसवर कुकरमध्ये 'पोपटी' करतात लोक. पाला नसेल तर त्या नुसत्या उकडलेल्या शेंगा.

आता वैलाचं काय करायचं ते. एक, बिडाचा तवा अगदी मंद गॅसवर ठेवा आणि आमटी-उसळीचं भांडं त्यावर. थेट आचेवर जे खाली लागतं ते तव्यावर लागत नाही. माझ्या खाणावळीत दोन तवे फक्त याच कामाला आहेत. दोन, ताटं. स्टीलची ताटं थंडीत बर्फासारखी असतात, त्यावर गरम भात वाढला की निम्मी ऊब ताट खातं. वाढायच्या आधी गरम पाण्यातून विसळून पुसून घ्या. सपाट ताटाऐवजी खोलगट ताटली वापरा, भात पसरत नाही. तीन, भाजलेलं वाटप. कांदा आणि सुकं-ओलं खोबरं तपकिरी भाजून, गरम मसाल्याबरोबर वाटून रविवारी फ्रीजमध्ये ठेवलंत तर तीन-चार दिवस टिकतं. मग काळ्या वाटाण्याचं सांबारं असो की अंड्याची आमटी, आठ वाजता उकळी आणायचीच बाकी राहते.

तुमच्या वेळेत हे बसवून बघू. सहाला आल्यावर कणगरं उकडायला लावायची किंवा मुलांना काही हातावर द्यायचं. सव्वासातला कुकर, आणि तो बंदच. एक दिवस पिठी, तिची फोडणी आठला. एक दिवस बिरडं, ते सातला करून तव्यावर. एक दिवस सासूबाईंना मेतकूट-भात आणि तुम्हा बाकीच्यांना तोच भात तिखल्याबरोबर. एक दिवस घावन आणि वाटाण्याचं सांबारं, तेव्हा सगळ्यांनी स्वयंपाकघरात जेवायचं. एक दिवस एकाच भांड्यातली खिचडी. राहिलेल्या दोन दिवसांत उरलंसुरलं संपवा किंवा हॉटेलात जा. सातही दिवस नवं करायला आपण काही खाणावळ चालवत नाही. म्हणजे मी चालवते, पण तुम्ही नाही.

एवढं करूनही मुलांना दहाला भूक लागली तर बिस्किटांचा पुडा काढू नका. उकड्या तांदळाची पेज ठेवा. उकडा तांदूळ दापोलीच्या बाजारात विचारून मिळेल, माझ्या माहेरी तो रोजचा. अर्धी वाटी तांदूळ, सात-आठ वाट्या पाणी, दाणा फुटेपर्यंत शिजवा, मीठ घाला आणि उकळती पेज थर्मासमध्ये भरा. दहाला कपात ओतली की अजून वाफ निघते. सोबत चिमूटभर मीठ-खोबरं किंवा भाजलेल्या सुकटीची चटणी. पेज काढल्याबरोबर थर्मास गरम पाण्याने धुऊन उघडा, उपडा ठेवा, नाहीतर सकाळच्या चहाला पेजेचा वास येतो आणि मग नवऱ्याची तक्रार सुरू.